रोषाचे धनी

जपानमधील निप्पॉन टीव्ही या वाहिनीवर २०२३च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात 'सेक्सी तानाका-सान' ही दहा भागांची मालिका प्रसारित झाली. दिवसा कचेरीत खाली मान घालून हिशेब तपासणारी आणि रात्री बेली डान्सच्या मंचावर वेगळ्याच तेजाने वावरणारी चाळिशीची तानाका ही तिची नायिका. हिनाको आशिहारा यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, ही मालिका बेतलेली होती. मालिका संपली आणि वाद सुरू झाला. पहिल्या आठ भागांच्या पटकथालेखिकेने, शेवटचे दोन भाग मूळ लेखिकेच्या आग्रहामुळे तिनेच लिहिल्याचे समाजमाध्यमावर जाहीर केले. त्यावर २६ जानेवारी २०२४ रोजी आशिहारा यांनी आपली बाजू मांडली. मूळ कथेशी प्रामाणिक राहण्याच्या अटीवरच आपण परवानगी दिली होती. मात्र हाती येणाऱ्या संहितांमध्ये मोठे फेरफार केलेले असत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे वाचून वाचक आणि प्रेक्षक मोठ्या संख्येने त्यांच्या बाजूने उभे राहिले. मात्र बाजू घेणे याचा अर्थ पटकथालेखिकेवर तुटून पडणे, असा अनेकांनी लावला. दोनच दिवसांनी आशिहारा यांनी आपले निवेदन काढून टाकले आणि कोणावर हल्ला करण्याचा आपला हेतू नव्हता, असे सांगत क्षमा मागितली. २९ जानेवारीला त्यांचा मृतदेह सापडला. त्या ५० वर्षांच्या होत्या.

एखाद्या मृत्यूचे एकच एक कारण सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि, या घटनेने जपानच्या मनोरंजन उद्योगाला आणि त्याच्या जगभर पसरलेल्या चाहत्यांना जो प्रश्न विचारला, तो टाळता येण्यासारखा नाही. मांगावरून तयार झालेल्या अॅनिमे आणि नाट्यमालिकांबद्दल प्रेक्षक आज अत्यंत जागरूक आहेत. रूपांतर फसले की ते त्यांना तत्काळ कळते आणि बहुतेक वेळा त्यांचे निदानही बरोबर असते. चुकतो तो रोषाचा पत्ता. निर्णय एके ठिकाणी होतो आणि राग भलत्याच ठिकाणी निघतो.

निष्ठेची अपेक्षा

मूळ कृतीशी निष्ठा हवी, ही मांगाच्या वाचकांची अपेक्षा कादंबरीच्या वाचकांपेक्षा अधिक तीव्र असते. कादंबरीतील पात्राचा चेहरा वाचक मनात रंगवतो. मांगात तो कागदावरच असतो. पात्राची नजर, प्रसंगाची चौकट, पान उलटताच बसणारा धक्का, हे सारे लेखक-चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेले असते. त्यात 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकांतून वाचकाने ती कथा वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा वाट पाहत वाचलेली असते. पडद्यावर जे येते त्याची तुलना तो स्मरणातील चित्राशी करतो. ही तुलना अटळ आहे आणि तिच्यात गैर असे काहीच नाही.

अडचण होते ती वेळेच्या गणितात. मांगाचा एक भाग वाचायला काही मिनिटे पुरतात, तो काढायला आठवडा किंवा महिना लागतो. अॅनिमे मात्र पाहता पाहता मूळ कथेला गाठते. मग दोनच मार्ग उरतात. एक तर मूळ कथेत नसलेली उपकथानके घुसडायची, नाही तर स्वतंत्र शेवट रचायचा. 'नारुतो'च्या प्रेक्षकांनी पहिल्या मार्गाचा यथेच्छ अनुभव घेतला. 'ड्रॅगन बॉल झेड'ची काटछाट करून मूळ मांगाच्या जवळ जाणारी 'ड्रॅगन बॉल काई' ही आवृत्ती २००९ मध्ये काढण्यात आली, ती अशाच लांबणीवर उतारा म्हणून. १९९९ पासून दर आठवड्याला चालत आलेल्या 'वन पीस'ची गती मंदावल्याची तक्रारही जुनीच होती. अखेर २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भागच दाखवण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला.

दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे 'फुलमेटल अल्केमिस्ट'. हिरोमु आराकावा यांचा मांगा २००१ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये संपला. पहिली अॅनिमे मालिका २००३ मध्येच आली. कथा अपुरी असल्याने ५१ भागांच्या त्या मालिकेने पुढे स्वतःची वाट धरली. आराकावा यांचीही त्याला संमती होती. २००९ मध्ये त्याच 'बोन्स' स्टुडिओने मूळ मांगाला धरून ६४ भागांची दुसरी मालिका काढली. दोन्हींचे चाहते आजही हिरिरीने वाद घालतात. परंतु त्या वादात कोणी कोणाला विश्वासघातकी म्हणत नाही. स्वतंत्र शेवट हा मूळ लेखिकेला अंधारात ठेवून रचलेला नव्हता, हे त्याचे मुख्य कारण. याचा अर्थ असा, की प्रेक्षकांना बदलाचेच वावडे असते असे नाही. लेखकाला डावलून, किंवा घाईने उरकून टाकण्यासाठी केलेला बदल त्यांना खुपतो.

नाराजीची ताकद

प्रेक्षकांच्या नाराजीत केवढी ताकद असते, याचे दाखले या उद्योगात अनेक आहेत. हिदेआकी आन्नो यांची 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही मालिका १९९६च्या मार्चमध्ये संपली, तेव्हा तिच्या शेवटच्या दोन भागांनी मोठे वादळ उठवले. रोबो आणि राक्षसांच्या युद्धाचा निकाल पाहायला बसलेल्या प्रेक्षकांसमोर नायकाच्या अंतर्मनाची चिरफाड मांडण्यात आली होती. पुढच्याच वर्षी आलेल्या चित्रपटात वेगळा शेवट दाखवण्यात आला. त्या चित्रपटात आन्नो यांनी प्रेक्षकांचे संदेशही क्षणभर पडद्यावर झळकवले. त्यांत संतापाचे होते, तसेच कौतुकाचेही होते. प्रेक्षकांची प्रतिक्रिया थेट कलाकृतीचाच भाग होऊन बसल्याचा हा विरळा प्रसंग म्हणावा लागेल.

अलीकडचे उदाहरण 'अटॅक ऑन टायटन'चे. हाजिमे इसायामा यांचा मांगा २०२१च्या एप्रिलमध्ये संपला आणि त्याच्या शेवटावर जगभरातून टीका झाली. २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथील अॅनिमे महोत्सवात बोलताना इसायामा भावविवश झाले आणि शेवटाबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅनिमेचा अखेरचा भाग आला, तेव्हा त्यातील कळीच्या संवादांवर त्यांनी नव्याने हात फिरवला होता. तोच शेवट यावेळी पुष्कळांना पटला. टीका लेखकापर्यंत पोहोचली आणि तिचा उपयोग झाला, असे येथे म्हणता येते.

मात्र याच मालिकेची दुसरी बाजूही आहे. पहिले तीन हंगाम 'विट' स्टुडिओने केले. अंतिम हंगाम २०२०च्या डिसेंबरपासून 'मापा' या स्टुडिओकडे आला. संगणकावर साकारलेले टायटन चाहत्यांना रुचले नाहीत. चित्रणाची ही टीका योग्य की अयोग्य हा वेगळा मुद्दा. परंतु तिचा मारा पडला तो चित्रे काढणाऱ्या कलावंतांवर. वेळापत्रक त्यांनी ठरवले नव्हते आणि काम कोणत्या स्टुडिओला द्यायचे हेही त्यांनी ठरवले नव्हते.

समितीला चेहरा नसतो

मग हे ठरवते कोण? बहुतेक अॅनिमे मालिकांमागे 'निर्मिती समिती' असते. प्रकाशनसंस्था, दूरचित्रवाणी वाहिनी, जाहिरात संस्था, ध्वनिमुद्रिका किंवा खेळणी विकणारी कंपनी असे अनेक भागीदार तीत पैसे घालतात. एकट्यावर बुडीचा बोजा पडू नये, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. नफाही भागीदारांत वाटला जातो. स्टुडिओचा या समितीत वाटा नसेल, तर त्याला ठरलेली रक्कम मिळते. मालिका जगभर गाजली तरी तीत फारसा फरक पडत नाही. किती भाग करायचे, कथेचा कोणता टप्पा वगळायचा, प्रसारण कधी सुरू करायचे, अशा गोष्टींवर समितीची पकड असते. संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग व मानवी हक्क कार्यगटाने जपानविषयी २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात अॅनिमे उद्योगातील तुटपुंज्या वेतनाचा आणि अतिरिक्त कामाचा उल्लेख आहे. नवोदित अॅनिमेटरचे वार्षिक उत्पन्न १५ लाख येनच्या आसपास असू शकते, याकडे त्यात लक्ष वेधले आहे.

मालिकेच्या शेवटी सरकणाऱ्या श्रेयनामावलीकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पटकथालेखक, दिग्दर्शक, अॅनिमेटर यांची नावे एकेक करून येतात. निर्मितीचा अधिकार ज्यांच्या हाती, ते मात्र बहुधा 'अमुक निर्मिती समिती' अशा एका ओळीत सामावतात. नाव असलेल्या माणसाला शोधून काढता येते, त्याला अपशब्द पाठवता येतात. समितीला चेहरा नसतो. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'च्या २०२१ मधील दुसऱ्या हंगामात मांगातील मोठा भाग गाळून कथा ११ भागांत गुंडाळण्यात आली. प्रेक्षक संतापले. मालिकेच्या रचनेत सहभागी असलेल्या मूळ लेखकाचे नाव त्या श्रेयातून अखेरच्या भागांत दिसेनासे झाले. एवढा मोठा निर्णय नेमका कोणी घेतला, याचे उत्तर त्या नामावलीत प्रेक्षकांना मिळाले नाही.

मूळ लेखकाची स्थितीही फारशी भक्कम नसते. 'थर्मे रोमे' या मांगावरील २०१२च्या चित्रपटाने जपानमध्ये ५०० कोटी येनहून अधिक गल्ला जमवला. आपल्याला मिळालेली रक्कम १० लाख येन होती, असे लेखिका मारी यामाझाकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. रूपांतर झाले की पुस्तकांचा खप वाढतो, हे खरेच; परंतु त्या आशेपोटी लेखकाने किती गोष्टींवर पाणी सोडायचे, हे आजवर बव्हंशी तोंडी समजुतीवर सोपवले जात असे.

अहवालांनी काय सांगितले?

'तानाका-सान' प्रकरणात नेमके हेच उघड झाले. निप्पॉन टीव्हीने ३१ मे २०२४ रोजी आणि मांगाची प्रकाशनसंस्था शोगाकुकानने त्यानंतर तीनच दिवसांनी आपापले चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. मूळ लेखिकेच्या अटी आपण कळवल्या होत्या, असे प्रकाशनसंस्थेचे म्हणणे. त्या अटी म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, असे वाहिनीचे. प्रसारण सुरू होण्यापूर्वी लेखी करार झालेला नव्हता. आशिहारा आणि पटकथालेखिका यांच्यातील देवाणघेवाण संपादक आणि निर्माते यांच्यामार्फत होत होती. मूळ लेखिकेने जी हकिकत मांडली, ती आपण प्रथमच वाचली, असे पटकथालेखिकेने फेब्रुवारीत म्हटले होते.

म्हणजे एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या गेलेल्या या दोन लेखिकांमध्ये थेट संवाद नव्हता. मधल्या साखळीतील कडी निसटली होती. प्रेक्षकांना मात्र दोन नावे दिसत होती आणि त्यांनी त्यांतील एक निवडले. मूळ लेखिकेच्या बाजूने उसळलेली ही लाट खुद्द मूळ लेखिकेलाच नकोशी झाली होती, हे तिच्या शेवटच्या दिलगिरीवरून उघड आहे. वास्तविक या धोक्याची सूचना जपानला आधीच मिळालेली होती. एका वास्तवदर्शी कार्यक्रमात सहभागी झालेल्या कुस्तीपटू हाना किमुरा यांचा २०२० मध्ये ऑनलाइन शिवीगाळीच्या भडिमारानंतर मृत्यू झाला आणि २०२२ मध्ये अवमानाच्या गुन्ह्याची शिक्षा कडक करण्यात आली. कायदा एकेका अपशब्दाला शिक्षा देऊ शकतो. प्रत्येकी एकेक सौम्य वाक्य लिहिणाऱ्या हजारोंच्या एकत्रित भाराचे काय करायचे, याचे उत्तर कायद्यापाशी नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. २००९ मधील 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' या हॉलिवूडपटाचा बोजवारा उडाला. त्याच्या पटकथालेखकाने २०१६ मध्ये चाहत्यांची माफी मागितली. त्याच्याशी 'वन पीस'च्या ३१ ऑगस्ट २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या मालिकेची तुलना करावी. आपले समाधान झाल्याखेरीज ती प्रदर्शित होणार नाही, हे लेखक एइइचिरो ओदा यांनी चाहत्यांना आधीच पत्राने कळवले होते. कथेत बदल तेथेही झाले. पण ते लेखकाच्या संमतीने झाले आहेत याची प्रेक्षकांना खात्री होती. अर्थात ओदा यांच्याइतके वजन प्रत्येक लेखकाकडे नसते. म्हणूनच ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यासाठी लेखी करार हवा, आणि तो चित्रीकरणाआधी हवा.

आपलाही वाटा

भारतीय प्रेक्षक या साऱ्यापासून आता दूर राहिलेला नाही. 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट २०२५च्या सप्टेंबरमध्ये भारतात जपानीबरोबरच हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही झळकला आणि चित्रगृहांत तरुणांची गर्दी लोटली. जपानमध्ये रात्री दाखवलेला अॅनिमे भाग मुंबई-पुण्यात त्याच दिवशी पाहिला जातो आणि त्यावरची मते तितक्याच वेगाने जपानी कलावंताच्या दूरध्वनीपर्यंत पोहोचतात. मूळ कृतीविषयीची आस्था आपल्याला नवी नाही. युगो साको यांनी 'रामायण' अॅनिमेत आणण्याचे ठरवले, तेव्हा परकीय माणूस रामकथेला हात कसा घालतो, असा आक्षेप भारतातूनच घेतला गेला होता. साको यांनी राम मोहन यांच्यासारख्या भारतीय अॅनिमेशनकाराला सोबत घेतले आणि १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चित्रपटावर एक सबंध पिढी वाढली. विश्वास संपादन करण्याचा तो मार्ग होता.

प्रेक्षकांनी गप्प बसावे, असा याचा अर्थ नव्हे. प्रेक्षक बोलले नसते तर 'वन पीस'ची गती बदलली नसती, 'अटॅक ऑन टायटन'चे संवाद सुधारले नसते. परंतु फसलेल्या भागाबद्दल वाहिनीला, प्रकाशनसंस्थेला, समितीला जाब विचारणे वेगळे आणि नामावलीतील हाती लागेल त्या नावाला गाठणे वेगळे. पहिल्याने उद्योग सुधारू शकतो. दुसऱ्याने फक्त एक माणूस एकटा पडतो, आणि जाब द्यायला हवा ते तसेच पडद्याआड राहतात.