नदीकाठी शिकलेला सब्र

युद्धावरून माणूस परत येतो तेव्हा घरचे म्हणतात, अल्लाहचे शुक्र, हातीपायी धड आला. महिना-दोन महिने जातात. मग दिसू लागते की तो रात्री झोपत नाही, स्वयंपाकघरात पातेले पडले तरी दचकून उभा राहतो, दाराकडे पाठ करून बसत नाही. मुलांशी बोलत नाही, बोललाच तर ओरडतो. घरातली बाई हे सगळ्यांत आधी ओळखते आणि सगळ्यांत शेवटी कोणाला सांगते.

व्हिएतनाममधून परतलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांची हीच गत होती. १९८० साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला ‘पीटीएसडी’ या नावाने आजारांच्या यादीत घेतले. तोपर्यंत तिला भेकडपणा म्हणत, नाहीतर दारूचा दोष.

एड निकल्सन हे अमेरिकन नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. नौदलातला कॅप्टन म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. शस्त्रक्रियेनंतर ते वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात होते. तिथे इराक-अफगाणिस्तानातून आणलेली तरुण मुले त्यांनी पाहिली. कोणाचा पाय गेलेला, कोणाचा हात. निकल्सन यांना मासेमारीचा नाद. या पोरांना नदीवर नेले तर, असे त्यांच्या मनात आले. २००५ साली रुग्णालयाच्या हिरवळीवर काठ्या फिरवण्याचे धडे सुरू झाले आणि त्यातून ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ ही संस्था उभी राहिली. जखमी सैनिकाकडून ती पैसा घेत नाही.

इथे आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच. ज्या युद्धात ही मुले जखमी झाली, त्याच युद्धात इराकी आणि अफगाण घरेही उद्ध्वस्त झाली. त्यांच्या झोपेचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो मागे घेण्याचे कारण नाही. पण वीस वर्षांच्या पोराने युद्ध पुकारलेले नसते, आणि दुखणाऱ्या माणसाची खिदमत करताना आधी त्याचा हिशेब मागत नाहीत.

आता ही मासेमारी कशी ते सांगायला हवे, कारण सारे मर्म तिथेच आहे. कोकणात आपण गरीला कोळंबी लावतो, दोरीला शिसे बांधतो आणि पाण्यात भिरकावतो. फ्लाय फिशिंगमध्ये खरे आमिष नसते. बारीक गळावर दोरा, पिसे आणि केस गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखी ‘माशी’ बनवतात. तिला वजनच नसते, म्हणून ती भिरकावता येत नाही. त्यामुळे दोरीच जाड आणि जड घेतात. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे, मगच पुढे आणायची. घाई केली की गुंता. जोर लावला तरी गुंता. सैनिकाला जे शिकवलेले असते त्याच्या नेमके उलट.

ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणाऱ्या किड्यांची वाट पाहत असतो. म्हणून दगड उचलून पाहावे लागते की सध्या कोणता किडा आहे, पाणी कुठे संथ आहे, सावली कुठे पडते. मला वाटते, रस्त्यावरचा प्रत्येक डबा बॉम्ब असेल या धास्तीने बघणारे डोळे इथे दुसऱ्या कामाला लागतात. सावधपणा जात नाही, त्याला काम मिळते.

आणि मासा मिळाला की बहुतेक वेळा तो सोडून देतात! हात ओले करून धरायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. आमच्या नानीला हे सांगितले असते तर तिने कपाळाला हात लावला असता. तिच्या लेखी माशाची जागा सालनात.

पण नदीइतकेच काम खोलीतले टेबल करते. हिवाळ्यात चार-सहा जण माशा बांधायला बसतात. डॉक्टरसमोर तोंड न उघडणारा माणूस हातातल्या दोऱ्याकडे पाहत शेजाऱ्याला दोन वाक्ये सांगून जातो, कारण शेजारीही तिथूनच आलेला असतो. शिकायला आलेल्यांपैकी काही जण पुढे नव्यांना शिकवू लागतात. माझ्या मते खरा बदल इथे होतो. ज्याच्यासाठी सगळे काही ना काही करत होते, तो आता दुसऱ्यासाठी काही करतो. मोंटानात एरिक हेस्टिंग्ज यांचेही तसेच. व्हिएतनाममध्ये लढाऊ विमान चालवलेल्या या मरीन अधिकाऱ्याला परतल्यावर तिथल्या नद्यांनी सावरले, आणि २००७ साली ते जखमी सैनिकांना त्याच पाण्यावर नेणाऱ्या ‘वॉरियर्स अँड क्वाएट वॉटर्स’ संस्थेच्या उभारणीत उतरले.

मात्र हा उपचाराला पर्याय नव्हे. निकल्सन यांचे काम रुग्णालयाच्या आवारातच सुरू झाले. औषधे आणि डॉक्टर जोडीला होतेच. आपल्या घरात फौजेतून, पोलिसातून किंवा एखाद्या भीषण अपघातातून परतलेला कोणी असा गप्प झाला असेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. तो स्वतः फोन करणार नाही, हे गृहीत धरा. त्याच्या बायकोने किंवा अम्मीने केला तरी चालतो.