पाच तोळ्यांचा माऊस



या महिन्याचा विषय तळहातात मावणारा आहे. वाघोलीहून एका भगिनींचे पत्र आले. यजमानांचे दुकान भवानी पेठेत आणि घर वाघोलीत. नगर रस्त्यावरची वर्दळ पाहता रोज दुकानी जाऊन हिशेब पाहणे त्यांना जमत नाही, म्हणून दुकानाचे टॅली, जीएसटी आणि बँकेचे काम त्या घरूनच करतात. चिरंजीव वाघोलीतच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. घरात संगणक एकच. दिवसा तो आईचा, रात्री मुलाचा. चिरंजीवांना खेळासाठी साठ ग्रॅम वजनाचा वायरलेस माऊस हवा आहे आणि त्याची किंमत दहा हजारांच्या पुढे आहे. यजमानांचे मत असे की, तीनशे रुपयांचा माऊस चालतो आहे तोवर दुसरा आणण्याचे कारण नाही. एकाच माऊसवर दोघांचे काम भागेल का, आणि खेळासाठी एवढी महाग वस्तू घेणे श्रावकाच्या घराला शोभेल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, एक ओळ आहे: गेले सहा महिने त्यांचे उजवे मनगट आणि खांदा दुखतो.

उत्तराचा आरंभ मी त्या शेवटच्या ओळीपासून करतो. घरातील गृहिणीचे दुखणे ताजा कलमात जावे, ही आपल्या घरांची जुनीच रीत आहे आणि ती मला मान्य नाही.

टॅली ज्यांनी वर्षानुवर्षे वापरले त्यांना ठाऊक आहे की, त्यात माऊसचे काम जवळजवळ नसते. एफ-५ दाबले की पेमेंट, एफ-६ ला रिसीट, एफ-८ ला विक्री, एफ-९ ला खरेदी. जुने मुनीमजी दिवसभरात माऊसला हातही लावत नसत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि हे चित्र बदलले. पोर्टलवर जायचे, पुरवठादारांची बिले जीएसटीआर-२बी शी ताडायची, ई-वे बिल काढायचे, बँकेच्या संकेतस्थळावर एकेक चौकट निवडायची. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस तर हात माऊसवरून निघत नाही. हिशेबनीसाच्या हाताला हा भार अवघ्या काही वर्षांत लागला, पण त्याची बैठक मात्र पूर्वीचीच राहिली.

त्या बैठकीत एक मोठा दोष असतो. हिशेबाला आकड्यांची स्वतंत्र पट्टी असलेला रुंद किबोर्ड लागतो. ती पट्टी उजवीकडे असते आणि माऊस तिच्याही पलीकडे जातो. परिणामी हात खांद्यापासून बाहेर ताणलेला राहतो आणि मनगट वर मुडपते. खांद्याचे दुखणे बहुधा या अंतराचे आहे. माऊस बदलून ते जाणार नाही. साधा उपाय असा की, माऊस डाव्या हाताला घ्यावा. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर. पहिले आठ दिवस चिडचिड होते, पुढे हात वळतो. यासाठी दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माऊस हवा; अंगठ्यासाठी एका अंगाला खोलगट केलेला उजव्या हाताचा माऊस डाव्या हातात बसत नाही. कोपर मेजाच्या पातळीवर यावे एवढी खुर्चीची उंची ठेवावी. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर मात्र माऊसचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आता वजन. आपल्या वाचकांना तोळ्याचे माप समजते, म्हणून त्याच मापाने सांगतो. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. चिरंजीवांनी मागितलेला ६० ग्रॅमचा माऊस पाच तोळ्यांहून किंचित अधिक भरतो. लॉजिटेकचा जी-३०४ हा खेळणाऱ्यांमध्ये बराच चालणारा, तीन हजारांच्या आत-बाहेर मिळणारा माऊस सेलसह ९९ ग्रॅमचा, म्हणजे साडेआठ तोळ्यांचा. कार्यालयांत वाखाणला जाणारा एमएक्स मास्टर ३-एस १४१ ग्रॅम, म्हणजे बारा तोळे. पत्रातील भगिनींचे यजमान हे आकडे दुकानाच्या काट्यावर पडताळू शकतील. खोक्यावर लिहिलेले वजन सेल धरून आहे की सेलविना, एवढे आधी पाहावे. साधा पेन्सिल सेलच सुमारे २३ ग्रॅमचा, जवळपास दोन तोळ्यांचा असतो.

हलकेपणाचा लाभ खरोखर कोणाला होतो? ज्या खेळात नेम क्षणात फिरवावा लागतो, तिथे खेळाडू पडद्यावरील बाणाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि हात मोठ्या अंतरावर फिरवतात. माऊस गादीच्या कडेला गेला की उचलून पुन्हा मध्यावर ठेवायचा. एका बैठकीत हे शेकडो वेळा घडते. तिथे चार तोळ्यांचा फरक मनगटाला कळतो. हिशेबाच्या कामात माऊस क्वचितच उचलला जातो, तो सरकतो. म्हणून आईच्या कामाला ९९ ग्रॅम आणि ६० ग्रॅम यांत सांगण्याजोगे अंतर नाही. १४१ ग्रॅमचा मात्र दोघांच्याही उपयोगाचा नाही. तो हाताला भरीव लागतो, पण उजव्या हातासाठीच घडवलेला आहे आणि खेळात जड पडतो.

९९ ग्रॅमचे वजन कमी करण्याची एक युक्ती खेळणाऱ्या मुलांत प्रचलित आहे. पेन्सिल सेलऐवजी लिथियमचा त्याच मापाचा सेल घातला की वजन सात-आठ ग्रॅमने उतरते. किंवा बारीक सेल प्लॅस्टिकच्या नळीत बसवून घालतात. त्याने सुमारे दहा ग्रॅम कमी होतात. पाच तोळ्यांचा माऊस त्यातून होत नाही, पण खर्च शंभर-दोनशे रुपयांचा असतो. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर बदलता येणाऱ्या सेलचा आणखी एक गुण आहे. आत बसवलेली बॅटरी काही वर्षांनी थकते आणि ती घरी बदलणे सोपे नसते. सेल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. जी-३०४ एका सेलवर २५० तासांपर्यंत चालतो, असे कंपनी सांगते.

काही अतिहलक्या माऊसचे वजन कवचाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडून कमी केलेले असते. वाघोलीत राहणाऱ्यांनी ते घेऊ नयेत, असे मी स्पष्ट सांगेन. वाघोली म्हटले की आपल्या समाजाला १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप आठवतो. भारतीय जैन संघटनेने शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली आणि वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. त्या वेळचे हे खाणींचे आणि माळरानाचे गाव २०२१ मध्ये महापालिकेत आले. चहूकडे उंच इमारती उठल्या, अजून उठत आहेत, आणि त्यांची धूळ खिडकी लावून घेतली तरी घरात येते. ती छिद्रांतून थेट आत जाते. शिवाय उन्हाळ्यात बारीक मुंग्या अशा उबदार पोकळीत शिरतात. जयणा पाळणाऱ्या घरात, रोज हाताखाली दाबल्या जाणाऱ्या वस्तूत जीव शिरण्याची वाट आपणच ठेवू नये. अखंड कवचाचा माऊसच घ्यावा.

‘वायरलेस’ या शब्दाखाली दोन निराळ्या सोयी येतात. एकीत संगणकाला छोटा रिसीव्हर लावावा लागतो; दुसरी ब्लूटूथची. खेळासाठी रिसीव्हर हवाच. खेळाचा माऊस सेकंदाला १,००० वेळा आपली जागा संगणकाला कळवतो, म्हणजे दर एक मिलिसेकंदाला. साधा माऊस १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. हिशेबाच्या कामाला साधा वेगही पुरेसा आहे. रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे, लोखंडी पेटीआड लावला की बाण अडखळतो. निळ्या रंगाच्या वेगवान यूएसबी खाचेला हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर तिच्या लहरींचाही याच पट्ट्यात अडथळा होतो. छोटी जोडवायर घेऊन रिसीव्हर मेजावर, माऊसपासून हातभर अंतरावर आणावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. खोक्यावरचे बारा हजार, पंचवीस हजार डीपीआयचे आकडे वाचून भुलू नये. बहुतेक खेळाडू ८०० किंवा १,६०० वरच खेळतात. दुकानात काचेचे मेज असेल तर माऊसखाली गादी लागते, कारण काचेवर साध्या सेन्सरला ठाव लागत नाही. गादी कापडाची किंवा रबराची घ्यावी. चामड्याच्या गाद्याही विकायला असतात. त्या आपल्या घरात नकोत.

दुसरा प्रश्न शोभण्याचा. इथे पालक दोन गोष्टींची गल्लत करतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा जुगार आहे, आणि सप्तव्यसनांत जुगाराचे नाव पहिले येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने असे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशात बंद केले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, ज्या २०२३ मध्ये झाल्या, ई-स्पोर्ट्ससाठी पदके होती. तेव्हा मुलगा संगणकावर खेळतो म्हणजे तो बिघडला, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. तो पैसे लावतो का, एवढे मात्र पालकांनी स्वच्छ विचारून घ्यावे.

तरीही बंदुकीच्या खेळांबद्दल मला एक गोष्ट खटकते आणि ती सांगणे माझे काम आहे. पडद्यावर कोणी मरत नाही, हे चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. पण राजा यशोधराची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ रचले ते याच कथेवर. राजाने मातेच्या आग्रहास्तव खरा कोंबडा मारला नाही, पिठाचा मारला, आणि तरी त्या संकल्पाचे फळ जन्मोजन्मी भोगले. आपली परंपरा द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांत भेद करते, पण दुसरीला माफ करत नाही. त्या भगिनींनी मुलासमोर ही कथा ठेवावी, भाषण मात्र करू नये. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, बुद्धिबळ, नगररचना यांचेही उत्तम खेळ आहेत आणि त्यांनाही चांगला माऊस लागतो. काय खेळावे हा वाद माऊसच्या खरेदीत मिसळू नये. तो स्वतंत्रपणे, शांत वेळी व्हावा.

खरेदीची मर्यादा दुकानात जाण्यापूर्वी घरी ठरवावी. परिग्रह-परिमाणात आकडा आधी आणि वस्तू नंतर येते. दुकानात उभे राहिल्यावर क्रम उलटा होतो. या घरासाठी माझा आकडा तीन हजारांचा आहे. दोन्ही हातांना चालणारा, अखंड कवचाचा, सेलवर चालणारा, रिसीव्हरचा माऊस त्यात बसतो. दिवसा तो आईच्या डाव्या हातात राहील, रात्री मुलाच्या उजव्या. अंगठ्याची जादा बटणे डाव्या अंगाला असतात, ती आईला अडतील. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. दहा हजारांच्या माऊसला माझा नकार आहे. महाविद्यालयाच्या संघातून स्पर्धा खेळणाऱ्या मुलालाही साडेआठ तोळ्यांवर हात बसवता येतो, आणि उरलेल्या सात हजारांत आईसाठी नीट उंचीची खुर्ची येते. यजमानांचा तीनशेचा माऊस दुकानात राहू द्यावा. त्याच्याशी माझे भांडण नाही.

बिल कोणाच्या नावे करावे? हे भगिनींनी विचारलेले नाही, पण प्रत्येक व्यापारी घरात ते मनात येतेच. माऊसची किंमत २,९५० रुपये धरली तर त्यात १८ टक्क्यांप्रमाणे ४५० रुपये कर आहे. दुकानाचा जीएसटी क्रमांक दिला की ते ४५० परत वळते होतील, असा हिशेब सुचतो. कायद्याने खासगी वापराच्या वस्तूवर हे क्रेडिट मिळत नाही. अर्धा धंद्याचा आणि अर्धा घरचा वापर असेल तर धंद्याच्या वाट्यापुरतेच मिळते. रात्री मुलगा ज्यावर शर्यत खेळणार त्या माऊसचा सगळा कर दुकानाच्या खात्यात घालणे हा ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत त्याचे नाव आहे. रक्कम लहान आहे, म्हणूनच मी ती मुद्दाम लिहिली. बिल घरच्या नावाने करावे.

त्याच यादीत ‘प्रतिरूपकव्यवहार’ही आहे, अस्सल म्हणून नक्कल खपवणे. नामांकित माऊसच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. खोका तोच, नाव तेच, किंमत निम्मी. खोक्यावरचा अनुक्रमांक कंपनीकडे पडताळावा, वॉरंटीचे बिल घ्यावे आणि घरी आल्यावर एकदा काट्यावर ठेवावा. आत कमी दर्जाचे भाग असले की वजनही बहुधा जुळत नाही.

दोन-तीन वर्षांनी बटण एकदा दाबले असता दोनदा दाबले गेल्यासारखे होऊ लागले, तर आतला छोटा स्विच झिजला असे समजावे. बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीच्या बाजूला डाग लावणारे कारागीर असतात. तसा स्विच बदलला की तोच माऊस पुन्हा चालतो. वापरलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, डब्यात साठवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत. माऊस बाहेरगावी न्यायचा असेल तेव्हा रिसीव्हर सुटा खिशात टाकू नये. सेलच्या झाकणाखाली त्याच्यासाठी खाच असते.