सुगीचा सण आणि पाहुणे ससाणे

पीक घरांत आलें कीं हात सैल होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु भरल्या घरींच संयमाची खरी कसोटी लागते. ती कशी पार पडते हें ज्यांस पाहावयाचें असेल, अशा आमच्या प्रवासप्रिय वाचकांनीं नोव्हेंबरच्या आरंभीं एकदां नागालँडांतील वोखा जिल्ह्याची वाट धरावी, असें आम्ही सुचवितों. तेथें लोथा नागा लोकांची वस्ती आहे. कापणी आटोपल्यावर ७ नोव्हेंबरला त्यांचा तोखू एमोंग हा सण येतो. नाचगाणीं व मेजवान्या होतातच. पण जुनीं भांडणें मिटवून एकमेकांस क्षमा करणें हें या सणाचें विशेष अंग होय.

याच दिवसांत दोयांग नदीच्या जलाशयाकांठीं, पांग्ती गांवाजवळ, अमूर ससाणे उतरतात. पारव्याहूनही लहान, सुमारें दीडशें ग्रॅम वजनाचा हा शिकारी पक्षी पूर्व सैबेरिया व ईशान्य चीनमध्यें वीण आटोपून दक्षिण आफ्रिकेकडे निघालेला असतो. पुढें अरबी समुद्र ओलांडावयाचा असल्यामुळें येथें वाळवी व इतर उडते किडे खाऊन तो अंगांत चरबी सांठवितो. सायंकाळीं हजारोंचे थवे झाडांवर उतरतात. पहाटे तेच थवे धुरासारखे वर उठतात. या दोन्ही वेळा गांठाव्या, आणि मधला दिवस सणांत घालवावा.

इ. स. २०१२ मध्यें येथेंच मासेमारीचीं जाळीं ताणून एका हंगामांत लाखाहून अधिक ससाणे धरले गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. चित्रें पाहून देशभर हळहळ झाली. पुढच्याच वर्षीं गांवाच्या पंचांनीं बंदी घातली, चर्चमधून उपदेश झाला, आणि २०१३ चा हंगाम हत्येवांचून पार पडला. पूर्वीं जाळीं लावणारांनींच रक्षणासाठीं संघ उभारला. त्या नोव्हेंबरांत तीन ससाण्यांच्या पाठीवर, त्यांचा मार्ग उपग्रहाद्वारें कळावा म्हणून, लहान यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांचीं नांवें नागा, वोखा व पांग्ती.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मांस शिजत नाहीं. त्यामुळें ‘काय हें क्रौर्य!’ म्हणून मोकळें होणें आपणांस सोपें आहे. परंतु जें आपण कधीं खाल्लेंच नाहीं, तें न खाण्यांत त्याग तो कोणता? पांग्तीकरांनीं हातचें रोख उत्पन्न सोडलें. त्याची भरपाई नुसत्या शाबासकीनें होत नाहीं. म्हणून जाणारांनीं गांवांतच मुक्काम करावा. जेवणाचे व वाटाड्याचे पैसे तेथेंच द्यावे. आपलें पथ्य आधीं नम्रपणें कळवावें, पण यजमानाच्या ताटावरून त्याची परीक्षा करूं नये. थव्याखालीं गलका करूं नये. नागालँडांत शिरण्यास लागणारा इनर लाइन परवानाही आधींच काढावा.

ज्यांस इतकें लांब जाणें घडणार नाहीं, त्यांनीं हिंवाळ्याच्या आरंभीं लोणावळ्याच्या पठारांवर नजर ठेवावी. समुद्राकडे निघालेले हे ससाणे तेथेंही कधीं कधीं दिसतात. एखादा दिसलाच, तर घरांतील मुलांस त्या दूरच्या गांवाचें नांवही अवश्य सांगावें.