शाळेच्या छतावर फोम : हिशेब 20 वर्षांचा मांडा



शाळांच्या गळक्या स्लॅबवर पॉलियुरेथेन फोम फवारला की गळती आणि उकाडा दोन्ही मिटतील, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. फोम हलका असतो, उष्णता अडवतो, त्याला सांधे नसतात, हे मान्य. पण उघड्या उन्हात तो पिवळा पडून त्याचा भुगा होऊ लागतो. त्यावरचे संरक्षक कोटिंग साधारण 10 ते 15 वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. कावळ्याने टोचून पाडलेले भोकही वेळीच बुजवावे लागते, नाहीतर पाणी आत मुरते.

फवारणीसाठी स्लॅब ठणठणीत कोरडा हवा. वसई-विरारच्या दमट हवेत पावसाच्या तोंडावर उरकलेला फोम स्लॅबपासून सुटू शकतो. सळ्या गंजून पोपडे सुटलेला स्लॅब फोमखाली झाकणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ.

म्हणून पालघर जिल्हा परिषदेने आधी स्लॅबची तपासणी करून उतार व पाण्याचे पाइप दुरुस्त करावेत. मग फोम आणि चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा जलरोधक थर) यांच्या 20 वर्षांच्या एकूण खर्चाची तुलना करावी. कंत्राटात देखभालीची अट नसेल, तर फोम नकोच.

– एक पालक, नालासोपारा