आत्याला काय झाले होते?



गेल्या महिन्यात एक आजी रक्तदाब दाखवण्यासाठी आल्या. वय ७४. सोबत २७ वर्षांची नात, त्यांच्या मुलाची मुलगी. आजींच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया १८ वर्षांपूर्वी झाली, आणि त्यानंतर त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. निघता निघता नात म्हणाली, "डॉक्टर, मला ती जनुकांची तपासणी करून घ्यायची आहे."

"घरात आणखी कुणाला हा आजार होता का?" मी विचारले. नातीने नकारार्थी मान हलवली. आजी काही क्षण गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या आत्याला छातीत गाठ होती. चाळिशीच्या आत गेली. तिची मुलगीही पन्नाशीला पोटात पाणी होऊन गेली. आमच्याकडे त्याविषयी कुणी बोलत नसे."

नात आजीकडे पाहतच राहिली. हे तिने प्रथमच ऐकले होते.

पोटात पाणी होण्याची कारणे अनेक असतात. तथापि, एकाच घरात चाळिशीच्या आत स्तनाची गाठ आणि जवळच्या नात्यात पोटात पाणी होऊन मृत्यू, असे ऐकले की डॉक्टरच्या मनात बीजांडकोशाच्या कर्करोगाची शंका येते. हे दोन कर्करोग काही कुटुंबांत जोडीने आढळतात.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आढळलेल्या स्तनाच्या कर्करोगाची नोंद १८६६ मध्ये प्रसिद्ध केली होती. ती नोंद शास्त्रीय पुराव्यात उतरायला सव्वाशे वर्षे लागली. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी १९७० च्या दशकात या कामाला हात घातला, तेव्हा कर्करोगाला एखादे आनुवंशिक जनुक कारण असेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी तरुण वयात हा आजार झालेल्या स्त्रियांची कुटुंबे शोधली आणि आई, मावशी, आत्या, आजी यांचे आजार व वये मांडत वंशावळी तयार केल्या. अशा २३ कुटुंबांच्या अभ्यासातून त्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की या आजाराशी निगडित जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले. तेच 'बीआरसीए १'. पुढच्याच वर्षी १३ व्या गुणसूत्रावरचे 'बीआरसीए २' सापडले.

ही जनुके आपल्या सर्वांच्या शरीरात असतात आणि ती उपकारकच आहेत. पेशीतील डीएनएचा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो. तो रफू करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. त्यांत जन्मतःच दोष असेल तर रफू नीट होत नाही, चुका साठत जातात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ १० हजार स्त्रियांच्या पाहणीनुसार असा दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे प्रमाण 'बीआरसीए १' मध्ये सुमारे ४४, तर 'बीआरसीए २' मध्ये सुमारे १७. म्हणजे धोका मोठा आहे; पण दोष असलेल्या प्रत्येकीला कर्करोग होतोच असे नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा 'बायकांचा आजार' आईकडूनच येतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः सदोष जनुक आईकडून किंवा वडिलांकडून, मुलीकडे किंवा मुलाकडे, निम्म्या शक्यतेने जाते. पुरुषात ते बहुधा मुकाट राहते आणि त्याच्या लेकीत प्रकट होते. म्हणून आपल्याला वाटते, की रोगाने एक पिढी वगळली. 'बीआरसीए २' चा दोष असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या, आणि क्वचित स्तनाच्याही कर्करोगाचा धोका असतो. या आजींच्या घरात दोष असलाच, तर तो आत्याच्या भावाकडून, म्हणजे आजींच्या वडिलांकडून आला असेल. आणि नातीकडे गेला असल्यास तिच्या वडिलांमार्फतच.

मी नातीला म्हणालो, "तपासणी आधी तुझी नको, आजींची करू." आजी हसल्या. "आता या वयात माझी तपासणी कशाला?"

ज्येष्ठ वाचकांनो, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल, म्हणून उत्तर सविस्तर देतो. जिला प्रत्यक्ष कर्करोग झाला, तिच्या रक्तात दोष सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. तो एकदा नेमका कळला, की नातलगांमध्ये फक्त तेवढाच शोधायचा. तो नातीत नसेल, तर या घराण्याचा वाढीव धोका तिला नाही, असे खात्रीने सांगता येते. उलट, नातीचीच तपासणी आधी केली आणि काही सापडले नाही, तर घरात दोष नव्हताच, की होता पण तिच्याकडे आला नाही, की आजवर न उमगलेल्या जनुकात आहे, हे कळत नाही. निर्धास्तपणा मिळतो, पण तो कच्च्या पायावरचा.

दोन दिवसांनी आजींच्या चिरंजीवांचा फोन आला. "डॉक्टर, मुलीचे लग्न जमवतो आहोत. हे कशाला उकरून काढायचे?" त्यांची धास्ती मला खोटी वाटली नाही. याच धास्तीपोटी त्यांच्या आजोबांनीही बहिणीच्या आजाराविषयी मौन पाळले असेल. मी इतकेच सांगितले, की तपासणी आजींच्या संमतीने होईल, अहवाल त्यांच्याच हाती पडेल, आणि नात सज्ञान आहे. दोष निघालाच तर पुढे वाट आहे: तिशीच्या आसपास दरवर्षी एमआरआय व मॅमोग्राफी, अपत्यप्राप्तीनंतर योग्य वयात बीजांडकोश व बीजनलिका काढणे, आणि इच्छा असेल तर स्तनांची प्रतिबंधक शस्त्रक्रिया. अशा कर्करोगावर ओलापॅरिबसारखी खास औषधेही आता आहेत. "तुमचीही तपासणी करावी लागेल," असे म्हणालो, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मात्र सरसकट प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी, असे मुळीच नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्केच असे आनुवंशिक असतात. शिवाय कधी कधी ज्याचा अर्थ अजून निश्चित झालेला नाही, असा बदल अहवालात येतो. जगातील जनुकीय माहितीचा साठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्याने आपल्याकडे हे अधिक घडते. अशा बदलावरून शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेऊ नये. म्हणून परस्पर प्रयोगशाळेत रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तशी सोय आहे. आणि घराण्यात काहीही नसले, तरी वाढते वय हे स्वतःच धोक्याचे कारण आहे. सत्तरीतही स्तनात गाठ लागली, तर 'दुखत नाही' म्हणून थांबू नये.

एक काम मात्र प्रत्येक घरात होण्याजोगे आहे. आपल्याकडील जुन्या कुलवृत्तांतांत मुलग्यांच्या पिढ्या क्रमाने सापडतात. लेकी बहुधा लग्नानंतर त्या पानांतून नाहीशा होतात. ती उणीव आपल्या स्मरणानेच भरून निघेल. एका कागदावर दोन्हीकडची रक्ताची नाती लिहा: आजी, आत्या, मावशी, आते-मामे-मावस-चुलत बहिणी, आणि पुरुषही. काकू व मामी यांत येत नाहीत. प्रत्येकापुढे कोणत्या अवयवाचा आजार आणि कोणत्या वयात, एवढेच. नेमके नाव ठाऊक नसेल, तर घरात जे शब्द कानी पडले, तेच लिहा. पन्नाशीच्या आतला स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांतील कर्करोग, बीजांडकोशाचा कर्करोग किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग यांपैकी काही आढळले, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी हे सावकाश, चौकशीचा सूर न लावता विचारावे. 'माझ्यामुळे लेकराला' हा सल आई-आजीच्या मनात पटकन रुजतो. जनुक कुणी निवडून देत नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे.

आजींनी गेल्या आठवड्यात रक्त दिले. अहवाल यायचा आहे. त्या दिवशी त्यांनी वहीचे एक पान आणले होते. त्यावर आत्याचे नाव होते, आणि पुढे लिहिले होते: "छातीत गाठ. वय ३८." सोबत या वेळी नातीचे वडीलही आले होते.