सांडवा आधीं, टाकी मागाहून

सिक्लिड कुळांतील मासे पाळण्याचा छंद अलीकडे आपल्या विद्यार्थिवर्गांत बराच फैलावला आहे, व प्रयोगशाळेंत अशा माशांचें एखादें सहा फुटी मत्स्यालय असावें, अशी इच्छाहि पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु चर्चा सुरू झाली कीं ती कांच किती जाड, दिवे कोणत्या रंगाचे, पंप कोणत्या कंपनीचा, येथूनच सुरू होते. आणि पाणी खालीं कसें उतरेल व वीज गेल्यावर तें कोठें जाईल, हा प्रश्न सर्वांच्या शेवटीं, बहुधा जमीन ओली झाल्यावर, विचारला जातो. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. पानशेतसारख्या ठिकाणीं तरी मत्स्यालयाची आंखणी सांडव्यापासून व्हावी.

पानशेतचें नांव येथें सहज घेतलेलें नाहीं. आंबी नदीवरील या धरणाचें काम पुरतें झालेलें नसतां १९६१ सालच्या पावसाळ्यांत जलाशय भरत गेला. पाणी सोडण्याच्या मार्गाचें बांधकामहि अपुरें होतें. १२ जुलै १९६१ रोजीं धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणहि फुटलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. धरण पुढें पुन्हा बांधण्यांत आलें; आज पुणें शहर त्याचें पाणी पितें. एवढ्या मोठ्या दुर्घटनेच्या शेजारीं कांचेच्या टाकीची गोष्ट ठेवल्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. पण पाण्याचा हिशेब टाकींत व तलावांत निराळा नसतो: येणारें पाणी थांबविणें आपल्या हातीं नसेल, तर जाणाऱ्या पाण्याची वाट अगोदर तयार हवी.

आतां या माशांविषयीं थोडें. सिक्लिड हें कूळ आपणांस सर्वस्वीं परकें नाहीं. कोंकण-गोमंतकाच्या खाड्यांतील कालुंदर याच कुळांतला. आणि बाजारांत जिला चिलापी म्हणतात ती आफ्रिकेची तिलापियाहि त्याच कुळांतली, ती १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणली गेली व आज मुळा-मुठेच्या पात्रांतहि सांपडते. हौशी लोक पाळतात ते मुख्यतः आफ्रिकेंतील मलावी सरोवराचे रंगीबेरंगी मासे, किंवा दक्षिण अमेरिकेंतला ऑस्कर. ऑस्कर हा पुरता वाढला म्हणजे फूटभर लांब होतो, अधाशासारखा खातो, वाळू उकरतो, आणि पाणी घाण करण्यांत त्याचा हात धरणारा मासा विरळा. असे चार मासे एका टाकींत सोडले कीं नुसत्या कोंपऱ्यांतल्या स्पंजाचें कांहीं चालत नाहीं.

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया पाण्यांत उतरतो. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करितात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे करून दाखविले. त्यांना दोन गोष्टी भरपूर लागतात, चिकटून बसावयास पृष्ठभाग आणि श्वासास प्राणवायु. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचें नायट्रेट करण्यास सुमारें साडेचार मिलिग्रॅम प्राणवायु खर्च होतो. म्हणजे गाळणी ही केवळ कचरा अडविणारी चाळण नव्हे. तो एक सजीव कारखाना आहे, आणि माशांप्रमाणें त्याचाहि श्वास कोंडतो.

मलावीच्या माशांच्या बाबतींत धोका आणखी वाढतो. त्यांना ज्याचा सामू आठाच्या आसपास आहे असें जड पाणी मानवतें. २५ अंश सेंटिग्रेड उष्णतामानास सामू ७ असतां एकूण अमोनियापैकीं शेंकडा अर्ध्याहून किंचित अधिक भाग विषारी मुक्त स्वरूपांत असतो. सामू ८ झाला कीं तोच भाग शेंकडा पांचांच्या वर जातो. जी चूक साध्या पाण्यांत खपून जाईल, ती येथें मासे मारते.

यावर उपाय म्हणून मत्स्यालयाच्या खालीं, मांडणीच्या कपाटांत, एक दुसरी टाकी ठेवतात. हिला इंग्रजींत सम्प म्हणतात. आपल्याकडे संप म्हणजे कामबंदी, व वीज गेली कीं हें यंत्र खरोखरच संपावर जातें. म्हणून आम्ही तिला तळटाकी म्हणूं. वरच्या टाकीच्या कांठाशीं केलेल्या सांडव्यावरून पाणी नळीनें खालीं येतें. प्रथम कापसासारख्या फिल्टरच्या थरांतून जातें, तेथें जाडा कचरा अडतो. मग सच्छिद्र तबकडीवरून ठिबकत जंतूंच्या थरावर पडतें. शेवटीं तळाशीं सांचून पंपानें पुन्हा वर जातें. जंतूंच्या थराकरितां महागड्या सिरॅमिक कड्याच हव्यात असें नाहीं. भांडीं घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या, नव्या व साबण न लागलेल्या, हें काम उत्तम करितात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठीं दगडांच्या थरावरून तें ठिबकविण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. ही तिचीच धाकटी बहीण होय.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारांत बंद डब्याच्या गाळण्या मिळतात. दोन नळ्या जोडल्या कीं काम झालें. शहरांत, जेथें वीज क्वचित् जाते, तेथें हें म्हणणें मान्य करतां येईल. घाटमाथ्याकडील गांवांत वादळी पावसांत तासन्‌तास वीज नसते. बंद डब्यांतील पाणी थांबलें कीं आंतले जंतु उरलासुरला प्राणवायु संपवितात, मग मरूं व कुजूं लागतात. आणि वीज परत येतांच तें नासलेलें पाणी सरळ माशांच्या अंगावर जातें. उघड्या तळटाकींतील ठिबकथर मात्र पाणी थांबलें तरी ओला राहतो आणि हवेंतच असतो. त्यांतील जंतु बंद डब्यांतल्यांपेक्षां पुष्कळ अधिक काळ तग धरितात. आमच्या मतें तळटाकी स्वीकारण्याचें या भागांतलें खरें कारण हेंच. तिच्यामुळें टाकी सुबक दिसते हें कारण दुय्यम.

परंतु तीच तळटाकी, हिशेब चुकला तर, खोलींत पूर आणते. हिशेब पांचव्या इयत्तेचा आहे. वरची टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच घ्या. तींत २४ घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी मावतें. तळटाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच. वरच्या पाण्याचा पृष्ठभाग १२ चौरस फूट, खालच्याचा ६. म्हणून वरचें एक इंच पाणी खालीं आलें कीं खालची पातळी दोन इंच चढते. तळटाकी चालू असतां निम्मी, म्हणजे नऊ इंच भरलेली ठेवली, तर वरचें साडेचार इंच पाणी ती कशीबशी सामावून घेईल. आतां पंपाकडून येणाऱ्या नळीचें तोंड वरच्या टाकींत सहा इंच बुडालेलें आहे असें समजा. वीज गेली कीं तीच नळी उलटी वाहूं लागते व तोंड उघडें पडेपर्यंत थांबत नाहीं. खालीं बारा इंच पाणी चढावयास हवें आणि जागा नऊच इंच. चाळीस लिटरांहून अधिक पाणी जमिनीवर! तेंच तोंड पृष्ठभागाखालीं एकच इंच ठेवा. खालीं दोन इंच आणि नळ्यांतलें थोडेंसें, एवढेंच चढेल.

पुष्कळ जण अशा वेळीं एकेरी झडप बसवून निश्चिंत होतात. आम्हांस तो निश्चिंतपणा मान्य नाहीं. वाळूचा एक कण किंवा शेवाळाचा एक धागा अडकला कीं झडप उघडी राहते. नळीस पाण्याच्या किंचित् खालीं भोंक पाडण्याची युक्ति बरी, पण तेंहि शेवाळानें बुजतें. नळीचें तोंड उंच ठेवणें यासारखा न बिघडणारा उपाय नाहीं.

उलट संकटहि आहे. सांडव्यांत पान किंवा मेलेला मासा अडकला, आणि पंप मात्र चालूच राहिला, तर वरची टाकी ओसंडेल. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान करावा. तो एक फूट लांब, दीड फूट रुंद असून त्यांत नऊ इंच पाणी असेल, तर सारा उपसला गेला तरी वरची पातळी सव्वा इंचाहून कमीच चढते. वर दोन इंच कोरा कांठ सोडला कीं भागलें. शिवाय दुसरी उतरती नळी, नेहमीं कोरडी राहणारी, जरा अधिक उंचीवर लावून ठेवावी. तिच्यावरचा खर्च वाया गेला असें म्हणणारे भेटतात. धरणाचा सांडवाहि वर्षांतून बहुतेक दिवस कोरडाच असतो.

पंप घेतांना खोक्यावरच्या आंकड्यास भुलूं नये. तो आंकडा पाणी मुळींच न चढवितां काढलेला असतो. पांच फूट चढण पडली कीं पुष्कळच घटतो. ६८० लिटरांच्या टाकीस तासाला निदान पांच फेरे, म्हणजे ३,४०० लिटर, वर पोंचले पाहिजेत. हवेचा एक लहान पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवावा; वीज नसतां माशांचा जीव त्यावर तरतो.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून येणारें पाणी मृदु. जंतूंचें काम चाललें म्हणजे पाण्यांतील क्षार खर्च होऊन सामू हळूहळू उतरतो, व फार उतरला कीं जंतूंचेंच काम मंदावतें. मलावीचे मासे असतील तर तळटाकींत धुतलेल्या शिंपल्यांची एक पिशवी ठेवावी. नायट्रेट मात्र कोणत्याहि ठिबकथरानें जात नाहीं. त्यासाठीं आठवड्याला पाण्याचा चौथा हिस्सा बदलणें प्राप्तच आहे. काढलेलें पाणी झाडांना घालावें, ओढ्यांत सोडूं नये. आणि वाढलेला ऑस्कर कंटाळा आला म्हणून जलाशयांत सोडणें तर सर्वथा वर्ज्य. एका चिलापीनें काय केलें तें नदीकांठच्या कोळ्यांस विचारावें.

टाकी उभी राहिली म्हणजे मासे आणण्यापूर्वीं आठ दिवस रोज एकदां पंप मुद्दाम बंद करावा, खालचें पाणी कोठवर चढतें तेथें कांचेवर खूण करावी, आणि एकदां सांडव्याचें तोंड हातानें बुजवून वरचें पाणी कोठें थांबतें तेंहि पाहावें. जंतु पुरते रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतातच. तोंवर हे प्रयोग करावयास सवड भरपूर आहे.