ब्लॉकला चीर

'ब्लॉकला क्रॅक असणार' असे गॅरेजवाल्याने म्हटले, की गाडीच्या मालकाचा चेहरा, वैद्यांनी नाडी सोडून छताकडे पाहावे आणि घरच्यांचा व्हावा, तसा होतो. पुढचे काही विचारायचे नसते. आकडा ऐकायचा असतो. हे वाक्य यंदा मे महिन्यात आमच्या भाच्याने ऐकले. तो स्वतःची गाडी भाड्याने चालवतो, आणि तिचे दोन वर्षांचे हप्ते अजून फिटायचे आहेत. रत्नागिरीहून प्रवासी घेऊन आंबा घाट चढताना काटा तांबड्यात गेला. मलकापूरला थांबून, गाडी निवल्यावर पाहतो तो निम्मे पाणी नाहीसे, आणि खाली जमिनीवर थेंब नाही!

कोल्हापुरातल्या एका गॅरेजने बॉनेट उघडून पाहिले आणि निकाल दिला : इंजिन अल्युमिनियमचे, तापून तडा गेला असणार, नवा ब्लॉक घाला. आकडा लाखाच्या घरातला. आमच्या बहिणीने त्याच संध्याकाळी पाटल्या कपाटातून काढून ठेवल्या.

"मामा, काय करू?" भाचा विचारीत होता.

आता 'असणार' आणि 'आहे' या दोन शब्दांत, वाचकहो, लाख रुपयांचे अंतर होते. पाटल्या पुन्हा कपाटात ठेवायला सांगून आम्ही दुसऱ्या दिवशी उद्यमनगर गाठले.

कोल्हापूरचा माणूस पाहुण्याला अंबाबाई दाखवतो, रंकाळा दाखवतो, तांबडा-पांढरा पाजतो. उद्यमनगर दाखवायचे मात्र विसरतो. उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिने ज्या गावाने घडवली, त्या गावात ओतकामातली चीर ओळखणारा माणूस मिळणार नाही तर कुठे मिळणार? आमचे मेस्त्री सत्तरीचे. त्यांची उमेद बिडाच्या ब्लॉकांत गेली. अल्युमिनियमला ते अजून 'जर्मन' म्हणतात, आपल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यासारखे.

"जर्मनचं पातेलं रिकामं गॅसवर ठेवलं तर काय हुतंय?" त्यांनी भाच्याला विचारले.

"बूड वाकडं होतं."

"मग! ह्ये बी त्येच."

आणि ते खरेच आहे. हा धातू बिडाहून निम्म्यापेक्षाही हलका, म्हणून गाडीचे वजन वाचते. पण तापला की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. घाटात पाणी संपले, इंजिन भाजून निघाले, आणि कुणी परोपकारी माणसाने वरून गार पाण्याची बादली ओतली, की एक भाग आकसतो, दुसरा फुगलेलाच राहतो. चीर पडते ती अशी.

मेस्त्रींनी आधी ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते. म्हणजे पाणी आत उतरत होते. परंतु पाणी आत उतरले म्हणजे ब्लॉकच फुटला, असे नव्हे. पुष्कळदा हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट जळालेले असते, आणि लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. हेड उतरवले. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळालेच होते. भाच्याचा चेहरा उजळला. मेस्त्रींचा नाही.

ब्लॉकवर दोन बारीक रेघा होत्या. बिडाचा ब्लॉक असता तर चुंबक लावून लोखंडाचा कीस भुरभुरला असता. चिरेवर तो कीस रांगेत उभा राहतो. अल्युमिनियमला चुंबकाचे काही देणेघेणे नाही. मेस्त्रींनी रेघांवर रॉकेल चोळले, थोडा वेळ मुरू दिले, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि वर खडूची पूड मारली. एक रेघ कोरडीच राहिली. ती साच्यातली, जन्मखूण म्हणा. दुसरीतून रॉकेल पाझरून खडूवर काळसर ओळ उमटली. बोटाच्या पेराएवढी, बाहेरच्या पाण्याच्या कप्प्यावर. गरम झाल्यावर उघडायची, आणि पाण्याची तिथल्या तिथे वाफ व्हायची. मग पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवेचा दाब देऊन ब्लॉक गरम पाण्याच्या हौदात बुडवला. बुडबुडे आले ते तेवढ्याच जागेतून.

"सिलिंडरच्या मधी आसती, न्हाई तर क्रँकच्या बेअरिंगाजवळ, तर मी हात लावला नसता," मेस्त्री म्हणाले. "हितं जोड टिकंल."

मला हा माणूस आवडला तो या वाक्यासाठी. काय करणार नाही हे आधी सांगणारा कारागीर दुर्मिळ.

अल्युमिनियमचे वेल्डिंग हा नाजूक मामला. धातू वितळतो ६६० अंशांना. पण त्याच्या अंगावर हवेने धरलेला जो पापुद्रा असतो, तो वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. शिवाय लोखंडासारखा हा लाल होऊन इशारा देत नाही. बघता बघता ढासळतो. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, म्हणजे ती पुढे पळू नये. मग खाच पाडून, घासून, सगळा ब्लॉक आधी तापवून आर्गनचे वेल्डिंग केले आणि झाकून सावकाश निवू दिले. माथा पुन्हा मशिनवर सपाट करून घेतला.

ब्लॉक निवेपर्यंत मी भाच्याला राइट बंधूंची गोष्ट सांगितली. त्यांच्या विमानाच्या इंजिनाचा सांगाडाही अल्युमिनियमचा होता. १९०३ च्या फेब्रुवारीत, चाचणीत पेट्रोल ठिबकून बेअरिंगे जाम झाली आणि सांगाडा फुटला. त्यांनी नवा ओतून घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विमान उडाले.

"त्यांना हप्ते नव्हते, मामा," भाचा म्हणाला.

एक गोष्ट मात्र कोल्हापूरकरांनी ध्यानात ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेने ज्यांच्या गाड्या बुडवल्या, त्यांना ठाऊक असेल : पुरातून निघालेल्या गाडीला लगेच किल्ली मारणे हा ब्लॉक फोडण्याचा खात्रीचा मार्ग. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मोडला तर ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो. अशा भगदाडापुढे रॉकेल आणि खडू काय करणार! गाडी ओढून न्यावी, हा उपाय.

हौदात दुसऱ्यांदा बुडवल्यावर बुडबुडा आला नाही. नवे गॅस्केट, नवे ऑइल, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट, असा सगळा खर्च गॅरेजच्या आकड्याच्या चौथाईत बसला. मेस्त्रींनी एकच अट घातली : पहिले हजार किलोमीटर दररोज सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी पाहायची. भाचा ती वहीत लिहून ठेवतो. काल त्याने वही दाखवली. बाराशे किलोमीटर झाले आहेत, आणि आज पहाटे तो प्रवासी घेऊन पुन्हा आंबा घाटानेच रत्नागिरीला गेला आहे.